आजीच्या पुतळ्यांची परीक्षा

आमच्या घरात पुतळ्यांची एक माळ आहे. सतरा पुतळ्या, तांबड्या रेशमात पटवेकऱ्याने गाठवलेल्या. आमच्या एका पूर्वजाला ती बाजीराव पेशव्यांकडून बक्षीस मिळाली अशी घरातली हकीकत. आजी गेल्यानंतर वीस-बावीस वर्षे ती थोरल्या काकूंच्या कपाटात होती. दोन वर्षांपूर्वी वाटण्या करायच्या ठरल्या, तेव्हा ती एका सराफाकडे नेली. त्याने दगडावर चार-सहा पुतळ्या घासल्या, डोळ्याला भिंग लावले आणि सांगितले, "आठ खऱ्या, नऊ खोट्या. मोडीच्या भावाने घेतो." त्या एका वाक्याने घरात काय झाले ते सविस्तर सांगत नाही. काकूंशी दिवाळीपर्यंत कोणी नीट बोलले नाही, एवढे पुरे.

मला त्या वेळी एकच गोष्ट खटकली होती. 'खोटी' म्हणजे नेमके काय? सोने नाही? सोने आहे, पण हलके? सोने चांगले, पण नाणे नकली? की नाणे जुनेच, पण माळेत मागाहून आलेले? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे काढण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. पुढचे काही महिने इतिहासाचे एक प्राध्यापक, रसायनशास्त्र विभागातला तराजू आणि एक चांगले भिंग यांच्या मदतीने जे हाती लागले, ते इथे मांडतो. अनेकांच्या घरी अशी एखादी माळ, पोत किंवा नथ असेलच.

प्रथम पुतळी म्हणजे काय ते पाहू. आज पेढीवर मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते; ती पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेली चकती असते. जुनी पुतळी मात्र मुळात आपल्याकडची नव्हेच. ते इटलीतील वेनिस नगरराज्याचे सोन्याचे नाणे, डुकाट. १२८४ मध्ये ते प्रथम पाडले गेले आणि १७९७ मध्ये नेपोलियनने वेनिसचे प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे चित्र, वजन आणि सोने यांत फारसा फरक झाला नाही. सुमारे साडेतीन ग्रॅम वजन, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ ३ मासे ५ गुंजा. आणि सोने त्या काळच्या साधनांनी साधेल तितके निखळ. मिरी, मसाले आणि कापड घ्यायला येणाऱ्यांना आपल्याकडे देण्याजोगा माल फारसा नसे. म्हणून सोने-चांदी येई. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर उतरत. चेझारे फेदेरिची हा वेनिसचा व्यापारी सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आला होता; त्याने आपल्या चौलचे वर्णन लिहून ठेवले आहे.

नाण्याच्या एका बाजूला दोन माणसे आहेत. डावीकडचा उभा आहे तो संत मार्क, वेनिसचा रक्षक संत. उजवीकडे गुडघे टेकलेला आहे तो तिथला निवडून दिलेला राज्यप्रमुख; त्याला डोज म्हणत. दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला लांबट अंडाकृती चौकटीत येशू ख्रिस्त उभा आणि त्याच्याभोवती तारे. आमची आजी पहिल्या बाजूला राम-सीता म्हणे. तमिळ मुलखात याच नाण्याला 'शाणार कासू' म्हणत, कारण तिथल्या लोकांना ती काठी ताडाच्या झाडासारखी आणि माणूस ताडी काढणाऱ्या शाणारासारखा दिसला. ज्याला जे ओळखीचे ते त्याने पाहिले. परके नाणे गळ्यात घालण्याची हौस तरी कुठे नवी आहे? मराठवाड्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला सातवाहनकालीन थरांत रोमन नाण्यांच्या नकला केलेली भाजक्या मातीची पदके सापडली आहेत, ओवायला कडीसकट. ज्यांना सोन्याचे परवडत नव्हते त्यांनी मातीचे घातले असावे.

आता परीक्षा. सुरुवात सराफाच्या कसोटीपासून करू, कारण तिच्यावरच सर्वांचा विश्वास असतो. काळ्या, गुळगुळीत दगडावर दागिना घासून रेघ उमटवायची, शेजारी ठरावीक कसाच्या सोन्याच्या काडीची रेघ ओढायची, दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. मग नायट्रिक आम्लाचा थेंब द्यायचा. पितळेची रेघ नाहीशी होते, सोन्याची राहते. पद्धत शतकानुशतके चालत आली आहे आणि सरावलेला सराफ तिच्यावरून कस आश्चर्य वाटावे इतका अचूक सांगतो. पण ती फक्त पृष्ठभागाचे सांगते. शिवाय दर वेळी थोडे सोने दगडावर राहते. आमच्या सराफाने दोन पुतळ्या नेमक्या संताच्या तोंडावर घासल्या. आता त्या संताला तोंड नाही. घासायचेच असेल तर कडेला किंवा कडीला घासावे. आणि परीक्षेपूर्वी 'उजळून आणू' म्हणून कुणी दागिना नेत असेल तर त्याला अडवावे. आम्लात घालून उजळा दिला की जुन्या सोन्यावरची लालसर छटा जाते, खोबणीतला मळ जातो, आणि पुष्कळदा तो मळच साक्षीदार असतो.

दुसरी रीत आर्किमिडीजची, आणि ती कॉलेजात करता येते. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. दागिना आधी हवेत तोलायचा, मग बारीक धाग्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा. जेवढे वजन घटले तेवढे त्याचे आकारमान. हवेतल्या वजनाला त्या घटीने भागले की घनता मिळते. माळ उसवावी लागली (काकूंच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर). तराजू मात्र मिलिग्रॅम दाखवणारा हवा. एवढ्या लहान नाण्याची घट पाव ग्रॅमही नसते, साध्या काट्यावर ती हरवते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर कडीखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि अस्सल सोने हलके ठरते. आमचा पहिला दिवस अशाच बुडबुड्यांत गेला.

आकडे असे आले. सराफाने खऱ्या म्हटलेल्यांपैकी एक पुतळी : हवेत ३.७१२ ग्रॅम, पाण्यात घट ०.१९७, घनता १८.८. जवळजवळ निखळ सोने. जी थोडी कसर दिसते ती कडीची आणि झाळीची, कारण झाळायला हलकेच सोने लागते, नाहीतर झाळ वितळण्याआधी दागिना वितळेल. 'खोट्या' म्हटलेल्यांपैकी एक : ३.३०६ ग्रॅम, घट ०.१९३, घनता १७.१. म्हणजे एकवीस कॅरटच्या आसपास. आणि दुसरी एक 'खोटी' : १.२०४ ग्रॅम, घट ०.०७४, घनता १६.३, वीस कॅरटच्या आगेमागे. हे कॅरट ढोबळ समजावेत, कारण भेसळ चांदीची की तांब्याची यावर घनता बदलते. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट झाली : सोने नाही अशी पुतळी सतरांत एकही नव्हती. आणि 'खोट्या' नऊ म्हणजे एकच जात नव्हे. सहा जाड होत्या, तीन पातळ.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बोरमाळेचे मणी पोकळ किंवा लाख भरलेले असतात. त्यांना पाण्यात तोलून काहीच कळणार नाही. टंगस्टन या धातूची घनता सोन्याएवढीच आहे, म्हणून आजकाल सोन्याच्या विटांत तो भरण्याची लबाडी होते. जुन्या पातळ नाण्यात मात्र तशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

तिसरी रीत म्हणजे डोळे. मला स्वतःला सगळ्यांत आनंद इथे मिळाला. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा उजेड एवढेच लागते. वेनिसच्या नाण्यावर साल नसते, पण डोजचे नाव असते. संताच्या मागे वेनिसच्या संत मार्कचा लॅटिन उल्लेख, काठीलगत डी, व्ही, एक्स ही अक्षरे एकाखाली एक, आणि डोजच्या पाठीमागे त्याचे आखूड केलेले नाव. आठ पुतळ्यांपैकी सहांवर नावे लागली. एकीवर पावलो रेनिएर; तो १७७९ ते १७८९ या काळात डोज होता. म्हणजे ती पुतळी १७७९ पूर्वीची असूच शकत नाही, आणि पहिले बाजीराव तर १७४० मध्येच वारले. दुसरे बाजीराव १७९६ मध्ये गादीवर आले, तेव्हा घरातली हकीकत अगदीच अशक्य ठरत नाही. पण आमच्या घरी 'बाजीराव' म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर घोड्यावरचे पहिलेच येत होते. तीन पुतळ्यांवर आल्विसे मोचेनिगो हे नाव आले. इथे घाई करू नये. या नावाचे चार डोज झाले, पहिला १५७० मध्ये निवडला गेला आणि चौथा १७७८ मध्ये वारला. नुसत्या नावावरून दोनशे वर्षांची चूक होऊ शकते. अक्षरांचे वळण ताडून पाहावे लागते.

माळेचे वय तिच्यातल्या सर्वांत जुन्या नाण्यावरून ठरवायचे नसते, हेही इथेच कळले. माळ निदान तिच्यातल्या सर्वांत नव्या भागाइतकी नवी असते. हाच न्याय इतर दागिन्यांना लागतो. पणजीच्या नथीतला लाल खडा भिंगाखाली पाहिला आणि त्यात वक्र रेघा व गोल बुडबुडे दिसले, तर तो कृत्रिम माणिक. आणि वेर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती कृती १९०२ मध्ये जाहीर केली. नथ जुनी असेल, खडा बदललेला असेल, किंवा नथच नंतरची असेल. पण खडा १८५७ च्या धामधुमीतला नव्हे. गिन्न्यांच्या माळेचे काम सोपे असते, कारण गिन्नीवर साल असते. १९१८ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतही गिन्न्या पाडल्या गेल्या आणि त्यांच्यावर 'आय' हे बारीक अक्षर आहे. शिवरायांचा होन घरात आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पण त्याच्या नकला आता इतक्या झाल्या आहेत, की नुसती अक्षरे वाचता आली म्हणून आनंदून जाऊ नये.

जाड सहा पुतळ्या भिंगाखाली ठेवल्या आणि चित्र बदलले. दोन माणसे आहेत, काठी आहे, तारे आहेत. पण लेखाच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, मधूनच उलटे अक्षर. डोजचा झगा घागऱ्यासारखा झाला आहे. ज्याला लॅटिन येत नाही अशा कारागिराने समोर खरे नाणे ठेवून ठसा कोरला, की असे होते. अशा नकला हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणात झाल्या, कारण नाण्यापेक्षा दागिन्याला मागणी जास्त होती. ती फसवणूक नव्हती, निदान दर वेळी नव्हती. बाईला पुतळी हवी होती, सोनाराने पुतळी दिली. या सहाही पुतळ्या ओतलेल्या नसून ठशाने पाडलेल्या आहेत. ओतीव नकलेचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ झालेल्या असतात, आणि दोन नाण्यांवर एकाच जागी एकच खोक आढळते, कारण साचा एकच. इथे तसे काही नव्हते.

पण घरातल्या वादाचा निकाल नाण्यांवर नव्हता, कड्यांवर होता. रेशमाचा दोरा कितीही मऊ असला, तरी वर्षानुवर्षे कडीच्या आतल्या बाजूला घासून खोबण पाडतो. आठ वेनिसच्या पुतळ्यांच्या कड्यांना अशी खोबण होती. सहा जाड नकलांच्या कड्यांनाही तेवढीच खोल, त्याच बाजूला. चौदाही कड्या एकाच हाताच्या : तार सारख्याच जाडीची, टोके सारखीच चपटी केलेली, झाळ एकाच रंगाची. म्हणजे या चौदा पुतळ्यांना एकाच सोनाराने एकाच वेळी कड्या लावल्या आणि तेव्हापासून त्या बरोबरच झिजल्या. काकूंनी वीस वर्षांत खऱ्या काढून नकली घातल्या असत्या, तर हे जमणे शक्य नव्हते. पातळ तीन पुतळ्यांच्या कड्या मात्र गोल, यंत्राने ओढलेल्या तारेच्या, आणि आतून जवळजवळ कोऱ्या.

त्या तिन्ही हॉलमार्क केंद्रात क्ष-किरण यंत्राखाली ठेवल्या. हे यंत्र दागिन्याला धक्का न लावता त्यातले धातू सांगते. मात्र तेही वरच्या पातळ थराचेच, म्हणून मुलामा असेल तर फसते. झाळीच्या जागी कॅडमियम निघाले. कॅडमियमचा शोधच १८१७ चा, आणि आपल्या सोनारांच्या झाळीत ते आले विसाव्या शतकात. 'केडीएम' हा शब्द सर्वांनी ऐकलेला असेल. तेव्हा या तीन अलीकडच्या. इथेही एक सावधगिरी हवी : कॅडमियम कडीत सापडले तर कडीचे वय कळते, नाण्याचे नव्हे. तुटलेली कडी नवी लावण्याची रीत आहेच. पण इथे चकतीवर लक्ष्मी होती, त्यामुळे शंका उरली नाही. सोन्याचा स्वतःचा जन्मकाळ सांगणारी कसोटी सराफाकडेही नाही आणि हॉलमार्क केंद्रातही नाही. काळ ठरतो तो घडणीवरून, ठशावरून, जोडणीवरून आणि कागदावरून.

कागद शेवटी सापडला, आणि तो आधी शोधायला हवा होता. देव्हाऱ्याखालच्या पेटीत पोथ्यांबरोबर मोडीतली एक यादी होती, शके १८१३ ची, म्हणजे १८९१-९२ ची. कुणाच्या तरी लग्नातले स्त्रीधन असावे. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी ती लावून दिली. त्यात एक ओळ : पुतळ्या १७, तोळे ५, मासे १, गुंजा ४. जुना तोळा म्हणजे आज सराफ बोलतात तो दहा ग्रॅमचा नव्हे. १८३३ मध्ये ठरलेला तो ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे किंवा शहाण्णव गुंजांचा एक तोळा. हिशेबाने यादीतली माळ ५९.८ ग्रॅमची होते. सतराही पुतळ्या वेनिसच्या असत्या, तर कड्यांसकट सुमारे ६२.९ ग्रॅम, म्हणजे जवळपास ५ तोळे ४ मासे ६ गुंजा भरायला हव्या होत्या. भरल्या नाहीत. याचा अर्थ १८९१ मध्येच माळेत हलक्या पुतळ्या होत्या. आजचे वजन ५३ ग्रॅम. तीन पातळ पुतळ्या मिळून ३.६ ग्रॅमच्या आहेत. म्हणजे ज्या तीन गेल्या त्या दहा ग्रॅमच्या आसपास असणार, आणि उरलेल्या चौदांची शंभर-सव्वाशे वर्षांची झीज धरली तर त्याहूनही थोड्या कमी. त्या तीनही बहुधा सहांच्याच जातीच्या होत्या.

त्या तीन कधी बदलल्या, कोणी बदलल्या, हे सोने सांगत नाही. आजीच्या हयातीत आजोबांचे मोठे दुखणे झाले होते, आणि घराचे छप्पर दोनदा बदलले होते. काकूंनी एवढेच सांगितले, की माळ त्यांच्याकडे आली तेव्हा तीन पुतळ्या पातळ होत्याच, आणि आजींना त्याबद्दल विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

कायद्याबद्दल दोन शब्द. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येते. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. अशी वस्तू घरात वापरायला, वारशाने द्यायला हरकत नाही, पण खाजगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. आमच्या अमेरिकेतल्या आतेभावाने दोन पुतळ्या मागितल्या होत्या. त्याला तसे कळवावे लागले. हॉलमार्क नाही म्हणून जुना दागिना संशयित ठरत नाही. सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग आपल्याकडे २००० मध्ये सुरू झाले आणि सहा अक्षर-अंकांची खूण तर २०२१ पासूनची. उलट 'पेशवेकालीन' म्हणून विकायला आलेल्या दागिन्यावर ती खूण दिसली, तर विक्रेत्याला एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

माळ मोडली नाही. पटवेकऱ्याने ती पुन्हा तांबड्या रेशमात गाठवून दिली. पातळ तीन पुतळ्या मागच्या बाजूला, मानेखाली येतील अशा घेतल्या. प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, घनता आणि वाचलेले नाव एका वहीत लिहिले आहे, आणि ती वही मोडी यादीबरोबर त्याच पेटीत ठेवली आहे. यंदा गौरीच्या हळदीकुंकवाला काकूंनी माळ घातली होती.